इफुगाओची भातखाचरं बघायला जाताय? मग व्ह्यूपॉइंटवरून परत फिरू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एप्रिलअखेर कामासाठी फिलिपाइन्सला, मनिलाला जाताय आणि काम संपल्यावर चार दिवस मोकळे आहेत. सोबत पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले वडील असतील. वडिलांनी भोरकडे जन्मभर भातशेती केलेली. एजंट सांगतोय की रात्रीच्या बसनं डोंगरातल्या इफुगाओ प्रांतातल्या बनावे गावी जा, दिवसभरात व्ह्यूपॉइंट उरका आणि त्याच रात्री परत या. एवढ्यात तो प्रांत पाहून होईल का, वडिलांना झेपेल का आणि शाकाहारी माणसानं तिथे खायचं काय?

नाही, एवढ्यात होणार नाही. लागोपाठ दोन रात्री बसमध्ये अवघडून काढायच्या आणि मधल्या दिवसातला निम्मा वेळ नोंदणी, नाश्ता आणि गाडी ठरवण्यात घालवायचा, अशी ती सहल होते. सत्तरीच्या माणसाला चालण्यापेक्षा अशी धावपळच जास्त बाधते. हातात चार दिवस आहेत तर दोन रात्री तिथे राहा, त्यातली एक तरी खाचरांच्या कुशीतल्या बताद गावी. आणि वडिलांना न्याच. मी बरीच वर्षं मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन या भागात जातो. ज्यांनी स्वतः चिखलणी केलीय, आवणीला वाकलेत, त्यांना तिथे जे आपोआप दिसतं ते शहरात वाढलेल्यांना बोट दाखवून सांगावं लागतं. तुमच्या चौघांत त्या डोंगराची खरी पारख तुमच्या वडिलांनाच असणार.

एजंट म्हणतोय ते व्ह्यूपॉइंट बनावेतून बोन्तोक गावाकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर आहेत. तिथून दिसणारं दृश्य मोठं आहे यात वाद नाही. २० पेसोच्या नोटेच्या मागच्या बाजूला हीच खाचरं आहेत. १९७३ मध्ये फिलिपाइन्स सरकारनं त्यांना राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जाही दिला. पण युनेस्कोनं १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत जे पाच भाग घेतले, त्यांत बनावे गावासमोरची ही खाचरं नाहीत. तिथे उभं राहिलं की उतारावर चढत गेलेली सिमेंटची आणि पत्र्याची घरं दिसतात. उरलेल्या चौकटीत फोटो छान येतो आणि बरेच जण तेवढ्यावर समाधान मानून परततात.

ते पाच भाग असे: बनावे तालुक्यातले बताद आणि बंगाआन, शेजारचा हुंगदुआन, पूर्वेकडचा मायोयाओ आणि दक्षिणेला कियांगानमधलं नागाकादान. प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. बतादला डोंगराची अर्धगोल कड पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येते आणि तळाशी गाव बसलंय. बंगाआनचं गाव खाचरांच्या ऐन मध्यात आहे आणि ते वरच्या रस्त्यावरून अख्खं दिसतं. हुंगदुआनला खाचरांच्या रेषा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरतात. मायोयाओत खाचरांच्या अधूनमधून लाकडी घरं आणि धान्याची कोठारं विखुरलेली आहेत. नागाकादानला मधून नदी वाहते आणि दोन्ही अंगांना खाचरं चढत जातात. चार दिवसांत पाचही भाग पाहायचा हट्ट धरू नका. मायोयाओचा रस्ता लांबचा आहे, तो या खेपेला सोडून द्या.

आता मुख्य गोष्ट. हे भात पिकवणं कसं चालतं हे कळलं नाही, तर दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणेल, सगळीकडे तेच तर आहे. म्हणून तिथे पोचल्यावर नजर आधी वर न्या, अगदी डोंगराच्या माथ्याकडे. सगळ्यात वरच्या खाचराच्याही वर राखलेलं रान असतं. त्याला तिथे मुयोंग म्हणतात. ते सरकारी जंगल नाही, घराण्याघराण्याच्या मालकीचं आहे. खालच्या खाचरांबरोबर ते वारशानं पुढच्या पिढीकडे जातं, आणि जुन्या रीतीनुसार चांगली खाचरं थोरल्या अपत्याला मिळतात, मग ते मुलगा असो की मुलगी. मुयोंगमधून घराचं लाकूड येतं, सरपण येतं, औषधी झाडपाला येतो, पण त्याचं खरं काम पाणी धरण्याचं. पावसाचं पाणी तिथे मुरतं, झऱ्यांनी बाहेर पडतं, पाटांनी वरच्या खाचरात येतं आणि बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात, मग त्याच्याही खालच्या, असं उतरत शेवटी नदीला मिळतं. ना पंप, ना मोटार. वरच्यानं पाणी अडवलं तर खालचा सुकतो, म्हणून पाण्याच्या पाळ्या, पाटांची डागडुजी, सगळं एकमेकांच्या संमतीनं चालत आलंय. मुयोंग तुटला की आधी झरा आटतो आणि मग बांध जातो.

तुमच्या वडिलांना एक फरक लगेच जाणवेल. आपल्याकडे भोर-वेल्ह्याला भात काढलं की खाचर सुकतं आणि ओलीवर वाल, हरभरा, मसूर होतो. इफुगाओत खाचर सुकू देत नाहीत. पीक असो नसो, वर्षभर पाणी उभं ठेवतात. कारण साधं आहे. चिखल सुकला की भेगा पडतात, पुढच्या पावसात पाणी त्या भेगांतून आत शिरतं आणि बांध पोटातून फुगून कोसळतो. एक कोसळला की माती खालच्या दोन-तीन खाचरांवर येते. म्हणून कापणीनंतरही तिथे पाणीच दिसतं. तण आणि पेंढा त्या पाण्यात ढिगाऱ्यांसारखा रचून वर थोडी भाजी लावलेली असते. हेच ढीग पुढच्या हंगामात मोडून चिखलात तुडवतात, तेच खत.

बांध दुरुस्तीचं काम चालू दिसलं तर बाकी सगळा कार्यक्रम बाजूला ठेवून तिथे थांबा. बतादला बांध दगडी आहेत, काही ठिकाणी माणसाच्या दुप्पट उंच. ढासळलेल्या जागेवर आधी सैल झालेले दगड एकेक करून काढतात आणि आकाराप्रमाणे बाजूला लावतात. मग पाया लागेपर्यंत, म्हणजे पहार टणक जमिनीवर आपटेपर्यंत, खाली जातात. सगळ्यात मोठे दगड तळाला. प्रत्येक दगड डोंगराकडे किंचित कललेला बसवायचा, म्हणजे मागच्या मातीचा रेटा त्याला बाहेर ढकलण्याऐवजी जागेवर दाबून धरतो. मागे आधी खडी, बारीक दगड, मग चिकणमाती आणि सगळ्यात वर पिकाची माती. ती माती पाट्यांनी वाहण्यापेक्षा शक्य तिथे पाण्यालाच वाहायला लावतात. वरून पाटात माती सोडायची, पाणी ती खाली आणून सोडतं आणि गाळ बसला की निवळलेलं पाणी पुढे काढून द्यायचं. पाणी आणि माती दोन्ही एकाच वाटेनं उतरवणारी ही युक्ती पाहिली की हजारो पायऱ्या हातानं कशा उभ्या राहिल्या असतील याचा अंदाज येतो. अरुंद खाचरांत औत फिरवायला जागा नसते, त्यामुळे चिखलणीही लाकडी फावड्यानं आणि पायांनी होते.

जुनं भात आहे ते तिनावन. वर्षातून एकदाच पिकतं, पिकायला सहाएक महिने घेतं, थंडी सोसतं आणि कंबरेच्या वर उंच वाढतं. बी पेरताना दाणे फेकत नाहीत, निवडून ठेवलेल्या लोंब्या अख्ख्या चिखलावर मांडतात. कापणीला विळा न वापरता बायका मुठीत मावणाऱ्या छोट्या पात्यानं एकेक लोंबी खुडतात, जुड्या बांधतात आणि वाळवून घराच्या माळ्यावर किंवा कोठारात रचतात. जुनं घर चार खांबांवर उभं असतं आणि प्रत्येक खांबाच्या वरच्या टोकाला लाकडाची गोल चकती असते. उंदीर खांबावरून चढत येतो, चकतीशी अडतो आणि परत फिरतो. मुलीला हे नक्की दाखवा. पूर्वी पेरणी, आवणी, कापणी प्रत्येक टप्प्याला मुंबाकी, म्हणजे विधी करणारा जाणता माणूस, मंत्र म्हणायचा. बुलुल नावाच्या लाकडी मूर्ती कोठाराची राखण करायच्या. खुडणी करताना बायका हुदहुद नावाची लांबलचक कथागीतं गायच्या. दोनशेहून जास्त गीतं आहेत, पूर्ण म्हणायला काही दिवस लागतात. २००१ मध्ये युनेस्कोनं या गायनाची दखल घेतली आणि २००८ मध्ये ते अमूर्त वारशाच्या यादीत आलं. आज बहुतेक गावकरी ख्रिस्ती आहेत आणि ही गाणी मुखोद्गत असलेल्या बायका म्हाताऱ्या झाल्यात. कुणी तुम्हाला चार ओळी म्हणून दाखवल्या तर मोबाइल खिशात ठेवून ऐका.

हे सगळं आहे तसं टिकलेलं आहे, असं मात्र समजू नका. २००१ मध्ये फिलिपाइन्सनं स्वतः विनंती केल्यावर युनेस्कोनं ही खाचरं धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकली होती, ती २०१२ मध्ये बाहेर आली. त्यामागचं दुखणं आपल्या ओळखीचं आहे. बऱ्याच घरांना पिकलेला तांदूळ वर्षभर पुरत नाही, बांधकामावर किंवा मनिला-बागियोला नोकरीत पैसा जास्त, शिकलेली पोरं परत येत नाहीत. आवणीला माणसं मिळत नाहीत, एक खाचर पडीक राहतं, त्याचा बांध सुटतो आणि शेजाऱ्याचं नुकसान होतं. त्यात मोठे गांडूळ बांधात बोगदे करतात. १९८०च्या दशकात खाण्यासाठी म्हणून देशात आणलेली सोनेरी गोगलगाय खाचरांत पसरली आणि ती कोवळं रोपच कापून खाते. बांधावर किंवा रोपांच्या बुडख्यावर गुलाबी अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला तर तो तिचा. दिसायला सुंदर आहे, म्हणून मुलीला आधीच सांगून ठेवा. मी जेव्हा एका रात्रीची तरी खोली गावातच घ्या म्हणून गळ घालतो, ती याचसाठी. मनिलातल्या एजंटला दिलेला पैसा बांधापर्यंत पोचत नाही. बतादच्या घरात दिलेलं खोलीभाडं, जेवणाचे पैसे, वाटाड्याची मजुरी, हे बहुतेक वेळा ज्याचं खाचर आहे त्याच्याच घरात पडतात.

‘दोन हजार वर्षांची’ हा आकडा तुम्हाला प्रत्येक फलकावर दिसेल. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे काम केलेल्या रॉय बार्टन आणि ओटली बेयर या अमेरिकन अभ्यासकांच्या अंदाजांवरून आला. अलीकडे पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो यांच्या चमूनं कियांगानजवळच्या जुन्या गावठाणात आणि खाचरांत उत्खनन केलं. त्यांच्या कालमापनानुसार इथली पाण्यातली भातशेती सुमारे ४०० वर्षांपूर्वीची, म्हणजे स्पॅनिश लोक खालच्या खोऱ्यांत घुसल्यानंतरची आहे. त्याआधी या ओल्या खाचरांत अळकुड्या लावत असत. सपाटीवरचे लोक स्पॅनिश सत्तेला टाळून डोंगरात आले आणि तिथे त्यांनी भात उभा केला, असं हे चित्र आहे. प्रांतातल्या सगळ्यांना ते पटलेलं नाही आणि घराण्याच्या वंशावळी दाखवून ते वेगळं सांगतात. मला स्वतःला हा नवा निष्कर्ष जास्त मोठा वाटतो. इतक्या थोड्या पिढ्यांत एवढा डोंगर हातानं कोरून काढणं आणि त्या जोरावर परक्या सत्तेला शतकानुशतकं दूर ठेवणं, यात त्या लोकांची ताकद जास्त दिसते. वाटाड्याशी याबद्दल जरूर बोला, पण वाद जिंकायला जाऊ नका, त्याच्या आजोबांचा विषय आहे तो.

तुमच्या तारखा चांगल्या आहेत. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी खाचरांत पाणी आणि नवी आवणी असते, आभाळ पाण्यात उतरलेलं दिसतं पण धुकं आणि थंडीही असते. एप्रिल-मे हिरवा, जून-जुलै पिवळा आणि कापणीचा. उंचीप्रमाणे गावागावात काही आठवड्यांचा फरक पडतो. कापणीनंतर ऑक्टोबरपर्यंतचा काळ वादळांचा, दरडींचा. त्या दिवसांत मी म्हाताऱ्या माणसांना नेत नाही. एप्रिलअखेर तुम्हाला भात भरात वाढलेलं मिळेल, दुपारनंतर एखादी सर येईल, त्यामुळे चालणं सकाळी उरका. याच सुमारास बनावेत इम्बायाह उत्सव असू शकतो. त्यात लाकडी स्कूटरची उतारावरची शर्यत असते, मुलीला फार आवडेल, पण खोल्या भरतात. तारखा आधी विचारून घ्या.

प्रवासाचं सांगतो. मनिलाहून बनावे साधारण साडेतीनशे किलोमीटर, रात्रीच्या बसनं नऊ-दहा तास. मध्य लुझोनचं मैदान संपलं की दाल्टन घाट, मग न्वेव्हा विझकायातलं सोलानो, बागाबागला मुख्य रस्ता सोडून लामुत, प्रांताची राजधानी लगावे आणि शेवटी बनावे. बसमधला एसी एवढा गार असतो की घाटात थंडीनं झोप मोडते. वडिलांना स्वेटर, कानटोपी आणि शाल हाताशी द्या, सामानाच्या कप्प्यात नको. गुडघे किंवा कंबर धरत असेल तर चौघांत ड्रायव्हरसकट गाडी ठरवा आणि दिवसा जा. एक दिवस जातो खरा, पण माणूस पोचतो तेव्हा ताजा असतो. तुमच्या वडिलांसाठी मी जाताना गाडी आणि येताना रात्रीची बस असं करीन.

मग पहिला मुक्काम बनावेला. तिथे पर्यटन कचेरीत नोंदणी होते, थोडी फी असते, आणि वाटाड्यांचे, ट्रायसिकलचे दर फलकावर लावलेले असतात. ट्रायसिकल म्हणजे मोटरसायकलला बाजूला जोडलेली खोपटी. तुम्हा चौघांना सामानासह त्यात कोंबू नका, जीपनी, म्हणजे तिथली लांबट जीप, किंवा व्हॅन घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेत बंगाआनच्या वरच्या रस्त्यावर थांबा. वडिलांना एक पायरीही न उतरता अख्खं गाव आणि त्याभोवतीची खाचरं तिथून दिसतात. तिथून पुढे बताद.

बताद बनावेपासून पंधरा-सोळा किलोमीटर. पूर्वी गाडी खिंडीत थांबायची आणि तिथून तासभर उतरण होती. आता काँक्रीटचा रस्ता खिंडीच्या पलीकडे गावाच्या बराच जवळ आलाय आणि शेवटची थोडी पायवाट तेवढी चालायची. गावात वाहन नाही. राहायच्या खोल्या बहुतेक वरच्या कडेला आहेत आणि त्यांच्या ओसरीतूनच पूर्ण अर्धगोल समोर येतो. म्हणजे वडिलांनी तेवढी पायवाट हातात काठी घेऊन सावकाश केली की पुढे काहीच सक्तीचं नाही. ते ओसरीत बसून तासन्‌तास बघतील, पाणी कुठून कुठे जातंय याचा हिशोब लावतील. तुम्ही तिघं वाटाड्याबरोबर बांधांवरून पलीकडच्या बाजूला आणि जमलं तर तप्पिया धबधब्यापर्यंत जा. धबधब्याची उतरण उभी आहे आणि परत येताना तीच चढण. दुपारी बाराच्या उन्हात ती करू नका.

बांधावरून चालणं हा मात्र गांभीर्यानं घ्यायचा विषय आहे. माथा काही ठिकाणी जेमतेम फूटभर रुंद, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला सरळ खाली उडी. तोल गेलाच तर चिखलाच्या बाजूला पडायचं, हे मी प्रत्येकाला निघतानाच सांगतो. मुलीला वाटाड्याच्या मागे ठेवा, चालताना फोटो नाही. पकड असलेले बूट घ्या, सपाट तळाच्या चपला नकोत. समोरून डोक्यावर किंवा पाठीवर ओझं घेतलेला माणूस आला तर आपण रुंद जागा बघून थांबायचं, त्यानं नाही. कडेच्या दगडांवर उड्या मारायच्या नाहीत आणि पाण्याच्या तोंडातला एकही दगड हलवायचा नाही. पेरणी-कापणीच्या आसपास काही दिवस कुणीच शेतात उतरायचं नाही अशी पाळणूक असते, तिला तुंगो म्हणतात. त्या दिवशी वाटाड्या नाही म्हणाला तर दुसरा शोधू नका.

तिसऱ्या दिवशी बतादहून परत निघून वडिलांच्या तब्येतीप्रमाणे दोनपैकी एक वाट घ्या. हुंगदुआनमधलं हापाओ मला अधिक आवडतं. दगडी बांध, मधून नदी, आणि खाचरांतून जाणारी वाट बतादपेक्षा बरीच सौम्य. वाटेच्या शेवटी नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. याच नदीत कापणी आटोपली की गावातल्या वाड्या एकमेकींविरुद्ध पुन्नुक नावाचा ओढाओढीचा खेळ खेळतात. दोराऐवजी लाकडी आकडे एकमेकांत अडकवून, कमरेभर पाण्यात. २०१५ मध्ये तोही कंबोडिया, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनामच्या अशाच खेळांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेला. एप्रिलमध्ये तो पाहायला मिळणार नाही, पण जागा बघता येते. दुसरी वाट कियांगानची. दुसऱ्या महायुद्धातला जपानी सेनापती जनरल यामाशिता २ सप्टेंबर १९४५ रोजी तिथे शरण आला आणि दुसऱ्या दिवशी बागियोत शरणागतीवर सह्या झाल्या. इफुगाओ घराच्या आकाराचं भव्य स्मारक आणि समोर छोटं संग्रहालय आहे. तिथल्या फावड्यांपासून पात्यापर्यंतची जुनी अवजारं तुमचे वडील हातात घ्यायला मागतील. नागाकादानची खाचरंही जवळच आहेत. चालणं कमी हवं असेल तर कियांगान, पाय चालत असतील तर हापाओ.

बनावेच्या व्ह्यूपॉइंटलाही जाच, मी त्याच्या विरोधात नाही. तिथे पिसांचा टोप घालून बसलेली वृद्ध मंडळी असतात. फोटो काढला तर पैसे द्यायचे असतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी उमेदीची वर्षं याच बांधांवर घालवलीत. बाजारात कोरीव काम भरपूर मिळतं. नवं कोरलेलं अवश्य घ्या, पण ‘जुना, खरा बुलुल आहे’ असं हळू आवाजात सांगून कुणी काही दाखवलं तर हात लावू नका. अशा मूर्ती एखाद्या घराण्याच्या कोठारातून उचललेल्या असू शकतात.

जेवणाचं सोपं आहे, फक्त सांगून घ्यावं लागतं. भाज्यांच्या पदार्थांतही बागोओंग, म्हणजे आंबवलेल्या कोळंबी-मासळीचं खारं, बिनदिक्कत घालतात. म्हणून ऑर्डर देताना तीन शब्द पाठ ठेवा: वलांग कार्ने, वलांग इस्दा, वलांग बागोओंग. मांस नको, मासे नकोत, ते खारंही नको. मग चायोते नावाच्या वेलाच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी, रताळी, अंडी खात असाल तर ऑम्लेट, केळी आणि भात मिळतो. बतादला तिनावन आहे का विचारा. असेल तर दोन पैसे जास्त द्या आणि तोच शिजवून मागा. सोबत मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या. तो भात मऊ, सुवासिक असतो. वडील दोन घास खाऊन आधी जातीबद्दल विचारतील आणि मग शेतकऱ्याशी त्यांचं जे सुरू होईल त्याला दुभाष्याची गरज पडणार नाही.

राहिलेली कागदपत्रं. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश आहे. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा ब्रिटनचा चालू व्हिसा असेल तर ३० दिवस. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग मागतात, आणि उड्डाणाआधी ई-ट्रॅव्हल नोंदणी ऑनलाइन करावी लागते, मुलीचीही. तुम्ही कामासाठी जाताय, त्यामुळे तुम्हाला कोणत्या प्रकारचा प्रवेश लागेल हे कंपनीकडून आधी पक्कं करा, पर्यटकाची सवलत कामाला चालेलच असं धरू नका. पेसो मनिलातच काढून घ्या, बतादला कार्ड चालत नाही आणि बनावेच्या एटीएमवर भिस्त ठेवू नका. पिना चपट्या असतात, त्यासाठी अडॅप्टर लागतो. वडिलांची औषधं चार दिवस जास्तीची ठेवा, दरड पडली तर रस्ता बंद राहतो.

आणि मनिलाचं परतीचं बसतिकीट बनावेत पाय ठेवल्या ठेवल्या काढून टाका. सुट्टीच्या दिवसांत रात्रीच्या गाड्या भरतात, आणि शेवटच्या बाकावर वडिलांना दहा तास बसवणं बरं नाही. विमान पहाटेचं असेल तर त्याच दिवशी पोचणाऱ्या बसवर विसंबू नका. एक रात्र मनिलात राखून ठेवा. दोन रात्री तिथे, तिसरी बसमध्ये आणि चौथी मनिलात, हा हिशोब तुमच्या चार दिवसांत नीट बसतो की नाही ते आधी विमानाच्या वेळेशी ताडून बघा. बसत नसेल तर हापाओ-कियांगान सोडा, बतादची रात्र सोडू नका.